वर श्री नसलेलं पत्र

माझ्या मुलीने अमेरिकेला परत जाताना घरात कॉम्प्युटर बसवून दिला आणि माझा रविवारचा फोन बंद झाला. तिने तो ठरवून बंद केला असं मी म्हणणार नाही. आधी दर रविवारी सकाळी ती फोन करायची आणि मी आंघोळ उरकून टेलिफोनशेजारच्या खुर्चीवर तयार बसायचो. आता रोज ई-मेल. "रोज तर बोलतोच ना आपण, बाबा," असं तिने एकदा लिहिलं. पडद्यावरची अक्षरं वाचण्याला बोलणं म्हणत असतील, तर मी त्या वर्षात फारच बडबड्या झालो होतो.

बायको जाऊन तेव्हा दुसरं वर्ष चालू होतं. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जन्म काढून मी निवृत्त झालो होतो. देवळाली प्रवऱ्यातल्या आमच्या घरात हंगामात निदान रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांचा आवाज यायचा. हंगामाचं गाळप संपून पट्टा पडला, कारखाना बंद झाला, की तेवढाही नाही.

कॉम्प्युटरसोबत ई-मेलचा जो प्रोग्रॅम आला होता त्यात पत्ते साठवायची सोय नव्हती. निदान मला तरी ती सापडली नाही. मुलीचा तो लांबलचक पत्ता दर वेळी अक्षर अक्षर टाइप करायचा, आणि एखादं टिंब राहिलं की पत्र इंग्रजीत बोलणी खाऊन परत. इंटरनेटसाठी नगरला एसटीडी लावावा लागे, म्हणून आधी सगळं लिहून ठेवायचं, मग लाइन जोडायची, पत्र ढकलायचं आणि लगेच तोडायचं. एवढा खटाटोप करून पत्र परत आलं की माझं डोकं फिरायचं. मुलीने सुचवलं, "कॉन्टॅक्टवाला प्रोग्रॅम घ्या, बाबा. नावावर क्लिक केलं की झालं."

राहुरीला कॉम्प्युटरचा क्लास चालवणारे एक गृहस्थ होते. त्यांनी घरी येऊन एका सीडीवरून दोन प्रोग्रॅम टाकून दिले. "आठ दिस दोन्ही वापरून बघा साहेब. नको आसल ते काढून टाकू," म्हणाले. पहिला रंगीबेरंगी होता. त्यात प्रत्येक माणसाचं एक कार्ड. नाव, वाढदिवस, घरचा फोन, फोटोसुद्धा. दुसरा अगदीच सुतकी चेहऱ्याचा. "ह्याच्यात नावं-पत्ते राहत्यात, बाकी काय न्हाई. पन कोऱ्या पत्राचा साचा करून ठेवता येतो. वर काय यावं ते एकदा ठरवलं की दर पत्रावर आपोआप येतं. दुकानवाले लोक घेत्यात, दुकानाचं नाव टाकाया." मला कुठे दुकान चालवायचं होतं? मी पहिल्यावर खूश झालो.

क्लासवाले गेल्यावर मुलीचं कार्ड भरलं. वाढदिवस घातला. मग पुढचं कोरं कार्ड समोर आलं आणि मी अडलो. दुसऱ्या दिवशी पायात चपला घालून बाहेर पडलो. शेजारच्या बागाईतदाराला विचारलं, ई-मेल आहे का. तो म्हणाला, "न्हाई बा. फोन नंबर हाय, तो बी किराणा दुकानाचा. लिहून घ्या, निरोप मिळतो." प्रयोगशाळेतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याने चहा पाजला आणि विचारलं, "आपन तर रोज पाराशी भेटतो की. मला कशाला पत्र धाडता?" ते खरं होतं, पण पारावर आम्ही उसाचा भाव आणि गुडघे यांच्यापलीकडे कधी गेलो नव्हतो. नातेवाईक, सोयरे, कुणाकडे काय झालं, कुणाला कधी कळवायचं, हे सगळं बायकोच्या तोंडी असायचं. घरात येणारी माणसं तिची होती. मी आपला बाजूला पेपर वाचत बसलेला. घरी येऊन प्रोग्रॅम बंद केला. त्यात कार्ड एकट्या मुलीचं होतं. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं, आणि ते सांगायलाही कुणी नव्हतं.

आता पुढचं कळायला आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. पत्राच्या माथ्यावर श्री असतं. ज्या पत्रावर श्री नाही ते अशुभ, कुणीतरी गेल्याचं. असं पत्र घरात आणायचं नाही. उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथेच फाडायचं, मग आत यायचं. मुलगी लहान असताना पोस्टमनच्या हातून कार्ड घ्यायला तीच धावायची, आणि आधी कार्डाचा माथा बघायची. श्री नसलं की दारातूनच हाक मारायची, "आई, बाहेर ये." मी सायन्सवाला, या गोष्टींची टिंगल करायचो. पण माझ्याही पत्रावर श्री असायचंच, आणि ई-मेलवरही इंग्रजी अक्षरांत का होईना, मी ते घालत आलो होतो.

नवा प्रोग्रॅम चालतो का ते बघायला मी संध्याकाळी दिवेलागणीनंतर एक ओळ लिहिली: पत्र मिळालं की लगेच कळव. वर श्री नाही, खाली माझी सही नाही. प्रयोगशाळेत यंत्र तपासायला आधी नुसतं पाणी घालतात, तसं ते होतं. ते काही पत्र नव्हे, असा माझा हिशेब. पाठवलं आणि पिठलं टाकायला उठलो.

मी जेवत असताना फोन वाजला. मी उष्ट्या हातानेच उचलला. पलीकडून मुलीचा आवाज आला. "बाबा, तुम्हीच बोलताय ना?"

"मीच. का गं? काय झालं?"

"वर श्री नव्हतं. खाली नाव नव्हतं. मला वाटलं, तुमच्या कॉम्प्युटरवर बसून दुसऱ्याच कुणी लिहिलंय." आणि ती रडायला लागली.

ऑफिसातून फोन करायचा तिला धीर झाला नव्हता. चारचौघांत ऐकायला लागू नये म्हणून ती गाडी काढून घरी आली होती. गाडी कशी चालवली ते आठवत नाही, म्हणाली. मी तिची समजूत घातली, थोडा रागावलोही. मग आम्ही खूप बोललो. आईच्या हातच्या पिठल्यावर बोललो, तिच्याकडच्या थंडीवर बोललो, ती हसलीसुद्धा. ताटातलं पिठलं वाळून गेलं. रविवार नसताना तिचा आवाज घरात आला होता, आणि मला इतका आनंद झाला की त्याची लाज वाटली. ठेवताना ती म्हणाली, "परत असं करू नका हं, बाबा."

पुढचे आठवडे पुन्हा नुसती अक्षरं. ती छान लिहायची, पण लिहायचीच. एका संध्याकाळी मी तिच्या कार्डावर क्लिक केलं आणि लिहिलं: वेळ मिळाला की कळव. श्री घातलं नाही. सहीही केली नाही. नगरची लाइन जोडली. मला तिचा आवाज हवा होता, एवढंच. पत्र वर श्रीशिवाय तयार होतं आणि ते पाठवलं की फोन येणार, हे मला उसातल्या साखरेच्या उताऱ्याइतकं खात्रीने माहीत होतं. मग तिची गाडी डोळ्यांपुढे आली. त्या परक्या रस्त्यावर ती एकटी, स्टिअरिंग धरून, बाप गेला असं समजून चाललेली. मी लाइन तोडली आणि पत्र पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी एसटीने राहुरीला गेलो. क्लासवाल्यांना घरी घेऊन आलो आणि म्हटलं, पहिला काढा, दुसरा ठेवा. ते चकितच झाले. "फोटूवाला काढायचा? आवो, लई लोक तोच मागत्यात. तुमचं दुकान हाय का काय?"

"आहे असं समजा," मी म्हणालो, आणि साचा कसा करायचा ते नीट शिकून घेतलं.

तेव्हापासून कोरं पत्र उघडलं की माथ्यावर श्री आधीच येऊन बसलेलं असायचं, खाली 'तुझा बाबा'. मी विसरलो तरी ते विसरत नसे. मुलीला हे कळवलं तेव्हा तिचं लगेच उत्तर आलं: "छान केलंत बाबा. आता मला काळजी नाही."

त्यानंतर तिचा फोन आला तो दिवाळीला.