आलेल्याला नूडल्स

कुवेतमधल्या फिंतासच्या चिनी हॉटेलातला आचारी उत्तर चीनचा होता. हिंदी तो स्वयंपाकघरातल्या मदतनिसांकडून शिकला होता आणि गिऱ्हाइकांना, अगदी बायकांनाही, ‘भाय’ म्हणायचा. त्याच्या गावची रीत अशी, की निघालेल्याला सारण भरून उकडलेल्या करंज्या आणि नुकत्याच आलेल्याला नूडल्स. सुट्टीवर निघताना मी फ्राइड राइस मागवला, तरी समोर करंज्याच आल्या.

“भाय, कल जाता है ना? ये खाओ.”

सहा वर्षांनी त्याची बायको आणि मुलगी कुवेतला आल्या. त्याने घर सोडलं तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. विमानतळावर ती आईमागे लपली, त्याच्याशी बोललीच नाही. हॉटेलात येताच त्याने कणीक हाताने ओढून नूडल्स करायला घेतल्या. कधी न तुटणाऱ्या तारा त्या दुपारी दोनदा तुटल्या.

मुलीने एक घास खाल्ला, वर पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. तो मोठ्याने हसला.

“क्या बोली?” मी विचारलं.

“बोला, पप्पा, इसमें नमक नहीं!”

मीठ द्यायचं विसरून तो ही तक्रार प्रत्येक टेबलाला सांगत फिरला, आणि दर वेळी त्यातलं ‘पप्पा’ जरा जास्तच मोठ्याने म्हणत होता.