दुसऱ्याच माणसाचा बास

शिरीषदांच्या चौदाव्याला, त्यांच्याच घरात, त्यांच्याच रेकॉर्ड प्लेअरवर, मी जमलेल्या मंडळींना दुसऱ्याच एका माणसाचा बास ऐकवला आणि ‘हा शिरीषदांचा हात’ असं सांगून सगळ्यांना डोळे पुसायला लावले. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. मला कुणी आग्रह केला नव्हता. उलट चहा गार होतोय, असं दोघातिघांनी सुचवलंही होतं. पण चार माणसांसमोर बोलायला मिळालं की माझं काय होतं ते माझ्या बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांना विचारा. निवृत्त होणाऱ्या एका साहेबांना निरोप देताना मी त्यांना श्रद्धांजली वाहून मोकळा झालो होतो. साहेब समोरच बसले होते...

बास म्हणजे बास गिटार. चार जाड तारांचं वाद्य. बँडमध्ये सगळ्यात मागे उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यात ते असतं, आणि लग्नाच्या फोटोत एखादा मामा जसा कायम अर्धाच येतो, तसं ते ऐकणाऱ्याच्या कानात अर्धंच येतं. शिरीष घैसास हे त्या अर्ध्या मामाचे कैवारी होते. माणूस कोलकात्याचाच. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी, शाळेत बांगला, आणि रागावले की दोन्हींची झालमुडी, म्हणजे इथली भेळ. दिवसा शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचं आणि संध्याकाळी एका हॉटेलातल्या बँडमध्ये बास वाजवायचा, असा त्यांचा तरुणपणचा क्रम होता. पुढे वडील अंथरुणाला खिळले आणि संध्याकाळ घरासाठी लागू लागली. लग्न ठरायच्या आधीच गिटार दुसऱ्या कुणाच्या गळ्यात गेली. मागे राहिलं ते रेकॉर्डचं कपाट, आणि भेटेल त्याला अल्बम सुचवायचं व्यसन. अट एकच... त्यात बास ऐकण्यासारखा असला पाहिजे.

आमच्याकडे बदलीवर नवं मराठी कुटुंब आलं की महाराष्ट्र मंडळ त्यांना गणपतीचं आमंत्रण द्यायचं, शिरीषदांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, पुरणपोळीचा डबा द्यायच्या आणि शिरीषदा एक अल्बम द्यायचे. हातात नव्हे, तोंडी. रेकॉर्ड त्यांनी कुणाला कधी घरी नेऊ दिली नाही. ऐकायला या म्हणायचे. परदेशी नावं लोकांच्या लक्षात राहत नाहीत म्हणून त्यांनी सगळ्या अल्बमना कव्हरवरच्या चित्रांवरून नावं पाडली होती. छत्रीवाली, उंटवाला, टकल्या, तीन मिश्या. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत माझ्या हातावर तीर्थ होतं, तेव्हा ते कानाशी वाकून म्हणाले, उंटवाल्यातलं दुसरं गाणं चुकवू नकोस, गायक श्वास घ्यायला थांबतो तिथे बास काय बोलतो ते बघ. मी तीर्थ डोळ्यांना लावायचं ते कानाला लावलं. मंडळातल्या जोशीकाकूंना रक्तदाबाचा त्रास होता. त्यांना शिरीषदांनी टकल्या सुचवला. जमैकाकडचं संगीत, आरामखुर्चीत रेलून बसल्यासारखा बास. महिन्याभराने काकू सगळ्यांना सांगत होत्या, मी गोळी आणि टकल्या, दोन्ही वेळेवर घेते.

माझी बदली बराकपूरच्या शाखेत झाली होती. बिऱ्हाड बालीगंजला, त्यामुळे रोज सियालदहहून गाडी. मला त्यांनी पहिल्या भेटीत छत्रीवाली सुचवली. ऐकायला या, असंही म्हणाले, पण मी पडलो आधुनिक माणूस. तो अल्बम मी मोबाइलवर शोधला आणि गाडीत, डाळमूठ विकणाऱ्यांच्या हाळीत, फोन तसाच कानाला लावून ऐकला. रविवारी भेट झाली तेव्हा म्हणालो, काय बास आहे हो. पुढे उंटवाला ऐकला, टकल्या ऐकला, दरवेळी मी नवं विशेषण शोधून नेत असे. भरदार म्हणालो, काळजाला हात घालणारा म्हणालो, शब्द संपल्यावर एकदा सात्त्विकही म्हणालो. तेव्हा मात्र त्यांनी विचारलं, तू ऐकतोस तरी कशावर? मी अभिमानाने खिशातून फोन काढला. त्यांनी तो कानाला लावला, झटकला, पुन्हा लावला.

“अरे बाबा, यातून बास येतच नाही. एवढे दिवस तू कशाची स्तुती करत होतास?”

“तुमच्या निवडीची,” मी म्हणालो.

ते इतके हसले की वहिनी हातात उलथनं घेऊन बाहेर आल्या.

मग त्यांनी मला जमिनीवर बसवलं, पाठ कपाटाला टेकवून. ते कपाट त्यांच्या वडिलांच्या वेळचं, सागवानी. वरच्या खणात प्लेअर, मधल्या खणांत रेकॉर्ड, तळाशी स्पीकर. छत्रीवाली लावली. आधी मला वाटलं, कपाटातलं काहीतरी घसरलं. मग वाटलं, खालून ट्रक गेला. मग कळलं की हे गाण्यातच आहे... कुणीतरी माझ्या पाठीच्या कण्याचा जिना चढतंय, सावकाश, प्रत्येक पायरीवर पाऊल पूर्ण टेकवून. तबल्यात सगळे चाटीकडे बघतात, ते म्हणाले, डग्ग्याकडे कोण बघतं? डग्गा काढून घे, मग बघ तबलजी कसा दांडिया खेळल्यासारखा वाटतो. त्या दिवसापासून माझा रविवार त्या कपाटाला टेकून जाऊ लागला. वहिनी चहा आणत. बिस्किटं मी आपणहून शोधून घेई.

मास्तर असल्यामुळे त्यांच्या शिफारशींचाही अभ्यासक्रम होता. पहिल्या इयत्तेत पुढे येऊन स्वतःची ओळख करून देणारा बास. त्यानंतर गाण्याच्या बरोबरीने चालणारा. आणि शेवटच्या इयत्तेत असा, की तो होता हे तो थांबल्यावरच कळावं. मोठा ऐकायची सवय झाली की लहान आपोआप ऐकू येतो, असं त्यांचं म्हणणं. जोशीकाकू शेवटच्या इयत्तेपर्यंत पोचल्या. मी पहिलीतच रमलो. त्यांनी काही हळुवार काढलं की मी म्हणायचो, छत्रीवालीच लावा ना... आणि ते खरंच लावायचे. कपाळाला आठी नाही, उपदेश नाही. त्यांना संगीतातलं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळत होतं, पण ते त्यांनी मला कधी लागू दिलं नाही. माझी आई गेली तेव्हा पुण्याहून परत आल्यावर त्यांचा फोन आला, आज कपाटाशी ये. गेलो. सांत्वनाचं एक वाक्य नाही. त्यांनी एक रेकॉर्ड लावली. तिच्यात बास जवळजवळ एकाच सुरावर थांबून होता, दुसऱ्या कुणासाठी दार धरून उभं राहावं तसा. बाजू संपली, उलटली, दुसरीही संपली. मी उठलो तेव्हा ते म्हणाले, पुढच्या रविवारी छत्रीवाली. एवढंच.

वहिनींनी मात्र नवऱ्याला वाजवताना कधीच ऐकलं नव्हतं. त्या नागपूरहून लग्न होऊन आल्या तेव्हा घरात गिटार नव्हती. ते आपणहून विषय काढत नसत. पण कधीतरी बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं की तरुणपणी एका अल्बमवर त्यांनी बास वाजवलाय, कोलकात्यातच रेकॉर्ड झालाय, आणि तो ह्याच घरात आहे. कुठला, ते सांगेनात. वहिनी लटकं भांडत, चहात साखर कमी घालीन म्हणत. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे.

“सांगितलं तर तू मला ऐकशील. गाणं ऐकणार नाहीस.”

नवराबायकोतला खेळ म्हणून हे सगळं वर्षानुवर्षं चाललं. कधीतरी सांगतीलच, असं त्याही धरून चालल्या होत्या...

या वर्षी थंडी सरत आली असताना एका सकाळी वहिनींचा फोन आला. भावजी, लगेच या, एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, नवा अल्बम सापडला असणार. वाटेत मी गरम कचोऱ्या घेतल्या. दार उघडं होतं, बाहेर चपलांचा ढीग होता आणि आत शिरीषदा जमिनीवर निजवलेले होते. चहा पिता पिता खुर्चीतच गेले. बाकी सगळे रडत होते आणि मी हातातल्या कचोऱ्या कुठे ठेवाव्यात या काळजीत उभा होतो. शेवटी त्या घेऊनच मी खांदा द्यायला गेलो. मागून कुणीतरी पिशवी काढून घेतली.

दहाव्यानंतर वहिनींनी मला बोलावून घेतलं. मिताली, त्यांची मुलगी, बंगळूरहून आली होती. वहिनी कपाटाकडे बघत म्हणाल्या, “मला एकदा त्यांना ऐकायचंय, भावजी. इतके रविवार तुम्ही इथे बसलात. तुम्हाला हात ओळखू येईल.”

“येईल की,” मी म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक संकटांची सुरुवात याच दोन शब्दांनी झाली आहे.

दोन दुपारी मी कपाटासमोर काढल्या. कोलकात्यात झालेल्या रेकॉर्ड त्यात फार नव्हत्या, आणि वादकांची नावं एकीवरही छापलेली नव्हती. मी एकेक लावत गेलो आणि लाल ट्रामचं चित्र असलेल्या रेकॉर्डवर थबकलो. काय तो बास! उड्या मारत होता, गायिकेच्या पुढे धावत होता, मध्येच मागे वळून बघत होता. माझ्या अंगावर काटा आला. पहिल्या इयत्तेतल्या विद्यार्थ्याला उत्तर सापडलं होतं. चौदाव्याला मंडळी जमली, तेव्हा मी उभा राहिलो, प्रस्तावना केली, सुई ठेवली. लोक खरोखर हेलावले. मिताली ओंजळीत तोंड घेऊन बसली. कुणीतरी म्हणालं, पुन्हा एकदा लावा. मी लावली. वहिनी तेवढ्या कोरड्या डोळ्यांनी ऐकत होत्या, अनोळखी माणसाचा फोटो निरखावा तशा. ते मी दुःखाच्या खात्यात टाकलं.

कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. शिरीषदांच्या त्या जुन्या बँडमधले ड्रमर, फ्रान्सिस. कित्येक वर्षांपूर्वी मुलीकडे रांचीला राहायला गेले होते, वर्तमानपत्रात बातमी वाचून आले. चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि समोरच्याला फार लागू नये अशा आवाजात सांगितलं, “ये शिरीष नहीं है, बाबू. ये मोंटी है. मोंटी को हर जगह बीच में घुसने की आदत थी.”

मग शिरीष कुठाय, मी विचारलं. फ्रान्सिस काठीवर जरा हलले. म्हणाले, तो तर एकदाच स्टुडिओत गेला, लहान मुलांच्या गाण्यांसाठी. कव्हरवर बदकं होती.

ही गोष्ट वहिनींना सांगायला मला पुढचा रविवार उजाडावा लागला. मिताली परत गेली होती. मी दाराबाहेर उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं. वहिनी आत गेल्या आणि कपाटातून नव्हे, मितालीच्या खोलीतल्या तिच्या जुन्या पुस्तकांमधून एक रेकॉर्ड घेऊन आल्या. कव्हरचा एक कोपरा चावलेला. बदकांवर वरणाचे पिवळे डाग. “ही?” त्या म्हणाल्या. “ही तर मितालीची जेवायची रेकॉर्ड. ही लावल्याशिवाय घास घ्यायची नाही पोर. त्यांनीच आणून दिली होती मला. म्हणाले, ही लावत जा, जेवेल...” आणि त्या मधेच थांबल्या.

मीच ती प्लेअरवर ठेवली. खरखर भरपूर. मग पेटी, मग मुलांचा कलकलाट, बांगला बडबडगीत. मी सवयीने पाठ कपाटाला लावली. काही नाही. मान वाकवून स्पीकरला कान लावला. मुलं ओरडत होती, घुंगरू वाजत होते, एक बदक क्वॅक करत होतं. शिरीषदांचा पत्ता नव्हता. फ्रान्सिसचंही वय झालंय, असा एक सोयीस्कर विचार माझ्या मनात आला.

तेवढ्यात माझ्यामागून गुणगुणणं ऐकू आलं. वहिनी जेवणाच्या टेबलाशी मितालीच्या खुर्चीसमोर बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर भिंतीवर. मुलं गात होती ती चाल त्या गुणगुणत नव्हत्या. काहीतरी वेगळंच होतं. खालचं, संथ, दोन पावलं टाकून थांबणारं, मुलं चुकली की त्यांच्यासाठी थोडं रेंगाळणारं, आणि पुन्हा बोट धरून निघणारं. मी परत स्पीकरला कान लावला, आणि आता तेच मला आतून ऐकू आलं, अगदी तळाशी. एक सूर इकडचा तिकडे नाही. रोज दोन्ही वेळा, पोरीला घास भरवताना, ही बाई वर्षानुवर्षं नवऱ्याचा बास तोंडपाठ करत होती. आणि तो शेजारच्या खोलीत वह्या तपासत गप्प बसून होता.

“वहिनी,” मी म्हणालो, “हे तुम्हाला कसं काय ऐकू आलं? मला तर एवढा वेळ...”

बाजू संपली होती. त्यांनी पदराने डोळे टिपले, सुई उचलून पुन्हा पहिल्या गाण्यावर ठेवली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“भावजी, इतकी वर्षं तुम्ही आमच्याकडे नुसता चहा पिऊन गेलात.”