अवघडाची भीती नाही

रिक्षात शेजारी बसलेली माझी लेक सीटचं फाटकं रेक्झिन नखाने कुरतडत होती. शाळेतले गणिताचे सर नुकतेच म्हणाले होते, "हिला अकरावीतच पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित घेऊ द्या. झेपेल हिला."

मी म्हटलं, "अवघड वाटलं तर सोडता येतं गं."

"अवघडाची भीती नाही, आई. पण मार्कांसाठी रोज करून करून मला गणित आवडेनासंच झालं तर?"

गाण्याच्या सगळ्या परीक्षा मी पहिल्या वर्गात पास झाले होते, आणि शेवटच्या परीक्षेनंतर पुन्हा कधी गायले नाही. हे तिला सांगावंसं वाटलं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "घेऊन तर बघ."