चेर्नामावशीने वाचन अडवलं

आमच्या क्रिवोलमध्ये चेर्नामावशीला न भिणारा माणूस नव्हता, आणि तिच्या भट्टीतला पाव न खाणारं घरही नव्हतं. मी लग्न होऊन तिच्या शेजारी राहायला आले तेव्हा तिची चाळिशी उलटली होती. उंच, हाडापेराने मजबूत, डोक्याला घट्ट रुमाल आणि हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे. नवरा नाही, मूल नाही. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "सासूला भिऊ नकोस टेमा. तुझी सासू मला भिते."

ती मूळची आमच्या गावची नव्हे. खाली दक्षिणेत, येलिसावेतग्रादला तिच्या नवऱ्याची बेकरी होती. झारचा खून झाला त्या वर्षी वसंतात तिथे आपल्या यहुदी लोकांवर दंगल उसळली. दुकान फोडायला आलेल्यांत रोज पाव नेणारे शेजारीही होते. नवऱ्याच्या छातीला मार बसला, तो पुढच्या हिवाळ्यात गेला. हे सगळं तिने मला एकदाच सांगितलं, कणीक मळता मळता. बोलताना हात थांबले नाहीत, म्हणून मीही मान वर केली नाही.

धर्माच्या बाबतीत ती फार कडक. कणकेतला नेमाचा गोळा बाजूला काढून आगीत टाकल्याशिवाय एक पाव भट्टीत जात नसे. शुक्रवारी दुपारी सगळं गाव आपापली चोलंटची मडकी घेऊन तिच्याकडे यायचं. घेवडा, बटाटे, जव, जमलं तर मांसाचा तुकडा. ती मडकी आत ठेवायची, दाराला चिखल लिंपायची, आणि शनिवारी प्रार्थना सुटल्यावर प्रत्येकाला आपलं मडकं गरम मिळायचं. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; त्यात चूल पेटवायची नाही, तरी गरम जेवायचं, ते चेर्नामावशीच्या जिवावर.

लाकूडवाल्या मेंडलचा मुलगा अनशेल वॉर्साला शिकायला गेला होता, तो दाढी उतरवून परत आला, आणि तिथून सगळं सुरू झालं. त्याच्या आदल्या वर्षी तिकडे स्वित्झर्लंडात, बाझेलला आपल्या लोकांची परिषद भरली होती. दुसऱ्यांच्या दारात किती दिवस राहायचं, आपला देश आपल्याला पाहिजे, पूर्वजांच्या पवित्र भूमीत, सियोनला परत जाऊ, असं तिथे उघड बोललं गेलं होतं. अनशेलने गावातली दहाबारा पोरं जमवली. ती हिब्रू बोलायला शिकू लागली. प्रार्थनेची भाषा, आणि ही पोरं तिच्यात "काकडी दे" म्हणायची.

आमचे धर्मगुरू, रब्बी येखिएल यांना हे अजिबात मान्य नव्हतं. ते वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगते. थंडीत स्वतःचा कोट काढून भिकाऱ्याला देणारे. पण त्यांचं म्हणणं पक्कं होतं. देवाने आपल्याला देशोधडीला लावलं, देवच परत नेईल, तो पाठवील त्या मसीहाच्या हाताने. माणसाने घाई करायची नाही. त्यातून ही परिषद भरवणारे लोक शब्बाथ पाळत नाहीत, काहीही खातात, आणि हे आम्हाला पवित्र भूमीत नेणार? दुसऱ्या गावांतले काही रब्बी सियोनवाल्यांच्या बाजूने होते, हे त्यांना माहीत होतं. ते म्हणत, त्यांचं ते बघतील.

सिनेगॉगचे, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिराचे कारभारी रेब झुंडल यांना मात्र मसीहापेक्षा आपल्या शब्दाला किंमत असण्याची काळजी जास्त. त्यांनी पोरांना सिनेगॉगच्या मागच्या खोलीतून हाकललं. बाहेर बर्फ. पोरं रस्त्यात उभी राहिलेली चेर्नामावशीने पाहिली आणि त्यांना भट्टीशी आणून बसवलं. मी तेव्हा तिथेच होते. तिने त्यांना एवढंच बजावलं की बूट बाहेर झटका, आणि पिठाच्या पोत्यांवर बसू नका.

सुरुवातीला ती फक्त ऐकायची. मग मध्येच प्रश्न टाकायला लागली. तिकडे पाऊस किती, गहू पिकतो का, सरपण कुठून आणतात. अनशेलला यातलं काही सांगता येत नसे. तो राष्ट्र, इतिहास, स्वाभिमान असलं बोलायचा. ती म्हणायची, "ते कळलं रे. सरपणाचं सांग."

पण तिच्या मनात काहीतरी हललं होतं. एकदा कणीक मळताना मला म्हणाली, आपण दिवसातून तीनदा तोंडाने म्हणतो, आमचे डोळे सियोनला परतताना पाहोत. तोंडाने म्हणायचं ते पायांनी केलं तर पाप कसं होतं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

रेब झुंडल दोनदा येऊन सांगून गेले, पोरांना बंद कर. तिने ऐकलं नाही. मग एका बुधवारी गावभर झालं की चेर्नाच्या पावावर भरवसा ठेवता येत नाही. ज्या भट्टीशी अधर्मी पोरं बसतात तिथलं पीठ कोशेर, धर्माला चालणारं, कशावरून? रब्बींनी पाव घेऊ नका म्हटलंय, असं झुंडल सांगत फिरले. त्या शुक्रवारी बायका मडकी घेऊन आल्याच नाहीत. मी गेले. माझी सासू दारात आडवी उभी राहिली, तिच्या बाजूने वाट काढून मी मडकं घेऊन गेले. भट्टीत त्या दिवशी माझं एकच मडकं होतं. चेर्नामावशी त्याच्याकडे बघत राहिली.

मला म्हणाली, "मला वेडी म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या पिठाला नावं ठेवली?"

तिने सबंध आठवडा पाव भाजला, रोजच्याएवढाच, आणि संध्याकाळी नदीपलीकडच्या गरिबांना वाटून टाकला. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी पाव नाकारणं त्यांना परवडणारं नव्हतं.

आमच्यात एक जुनी रीत आहे. ज्याच्यावर अन्याय झालाय आणि ज्याचं कुणी ऐकत नाही, त्याने शब्बाथच्या सकाळी सिनेगॉगमध्ये उभं राहून तोराचं, आमच्या धर्मग्रंथाचं वाचन अडवायचं. त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय ग्रंथाची गुंडाळी उघडत नाहीत. माझ्या आठवणीत हे दोनदाच झालं होतं आणि दोन्ही वेळा पुरुषांनी केलं होतं. तो आठवडा संपला त्या शनिवारी आम्ही बायका वरच्या सज्जात बसलो होतो. गुंडाळी बाहेर काढायची वेळ झाली तशी चेर्नामावशी उठली. मला वाटलं बरं वाटत नाही म्हणून चाललीय. जिना उतरून ती सरळ पुरुषांच्या भागात गेली, वाचनाच्या मेजापर्यंत, आणि त्याच्यावर पंजा टेकून उभी राहिली.

"मी वाचन अडवतेय," ती म्हणाली.

रेब झुंडल तिच्या अंगावर धावून गेले. बाई माणूस, खाली कशी आली, बाहेर काढा. कुणी जागचं हललं नाही. त्यातल्या निम्म्यांनी मागचा शब्बाथ थंड जेवणावर काढला होता. रब्बी येखिएल पूर्वेच्या भिंतीशी आपल्या जागी बसले होते. ते म्हणाले, रीत रीत आहे, तिला बोलू द्या.

"माझ्या पिठात काय खोट आहे ते रब्बींनी इथे सगळ्यांसमोर सांगावं," ती म्हणाली. "गोळा काढत नाही? शुक्रवारी दिवे लावायच्या आत भट्टी बंद करत नाही? कीड चाळत नाही? काय ते सांगा, मी आजच भट्टी फोडते."

रब्बींनी तिला हाताने थांबवलं. मग त्यांनी झुंडलकडे पाहून विचारलं, की तिच्या पावाबद्दल मी काय म्हटलं होतं? झुंडल चाचरले. रब्बी म्हणाले, "मी म्हटलं होतं, त्या घरातला विचार घेऊ नका. पाव घेऊ नका असं माझ्या तोंडून गेलेलं नाही. तुझ्या पिठात खोट नाही, चेर्ना. तुझ्या पाहुण्यांत आहे."

तिथे तिचं काम झालं होतं. वर सज्जात आम्ही मनात म्हणत होतो, आता ये बाई वर. पण तिने मेजावरचा हात काढला नाही.

"मग पाहुण्यांचंही आत्ताच बोलू."

रब्बी उठून उभे राहिले. ओरडले नाहीत. दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांनी सांगितली, जी आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलो. तुर्कांच्या मुलखात एक जण उठला, म्हणाला मीच मसीहा. लोकांनी घरंदारं विकली, बोचकी बांधून बसले, आज निघू, उद्या निघू. आणि तो शेवटी सुलतानापुढे धर्म बदलून मोकळा झाला. घरं गेली, श्रद्धा गेली, माणसं मोडून पडली. "घाईने केलेल्या आशेने आपल्याला दंगलींइतकंच मारलंय," रब्बी म्हणाले. "मी या गावाला दुसऱ्यांदा बोचकी बांधू देणार नाही. वाट पाहणं हीच आपली ताकद आहे."

"रब्बी, आम्ही येलिसावेतग्रादला वाटच पाहत होतो," चेर्नामावशी म्हणाली. "दाराला कडी लावून, कपाट आडवं घालून, मी आणि माझा नवरा. स्तोत्रं म्हणत होतो. मसीहा नाही आला, दुसरेच आले."



"मी मसीहाची वाट सोडलेली नाही," ती पुढे म्हणाली. "तो येईल तेव्हा मी उभी राहीन. पण तोवर कुठे उभं राहायचं हे मला कुणी सांगू नये. पोरं माझ्या भट्टीशी बसणार." मग तिने मेजावरचा हात उचलला. "आता वाचा."

आणि जिना चढून वर आली. बायकांनी सरकून जागा दिली. ती माझ्या शेजारी बसली आणि तिने प्रार्थनेचं पुस्तक उघडलं.

पुढच्या शुक्रवारी भट्टीत मडक्यांना जागा पुरली नाही. झुंडलच्या बायकोने आपलं मडकं माझ्या हाती पाठवलं, झाकणावर फडकं बांधून, कुणी ओळखू नये म्हणून. चेर्नामावशीने ते सगळ्यांत मागे, चांगल्या उबेत ठेवलं.

आता पोरांना वाटलं, चेर्नामावशी आपली झाली. अनशेल तर तिला सभेत पुढे बसवायच्या गोष्टी बोलायला लागला. पिन्स्कहून वक्ता येणार होता, त्याच्याशेजारी एक धार्मिक बाई दिसली की बरं. ती म्हणाली, मी काय दाखवायची गाय आहे का?

मग एका शनिवारी दुपारी, शब्बाथ सुटायला बराच अवकाश असताना, मी तिच्याकडे बसले होते आणि अनशेल आला. खिशातून सिगारेट काढली, भट्टीचं दार किलकिलं करून आतल्या निखाऱ्यावर पेटवली आणि बोलायला लागला. तिने त्याच्या तोंडातून सिगारेट काढून घेतली नाही, कारण शब्बाथला ती पेटलेल्या वस्तूला हात लावत नसे. पण पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं उचललं आणि त्याला भिंतीपर्यंत मागे रेटलं.

"तुला सियोन पाहिजे आणि शब्बाथ नको?" ती म्हणाली. "मग तिथे जाऊन करणार काय, बटाटे लावणार?"

"हो, बटाटेच लावणार," अनशेल भिंतीला चिकटून म्हणाला. तोही कमी नव्हता. "तेच तर पाहिजे आहे, मावशी. इतर लोकांसारखे लोक. आपले शेतकरी, आपले चोर, आपले बटाटे. या नियमांनी आपल्याला दोन हजार वर्षं बसवून ठेवलं. आपण एक पंथ नाही, आपण एक लोक आहोत."

"आणि लोक कशाने राहिलो रे? ना जमीन, ना राजा, ना शिपाई. हा दिवस पाळला म्हणून राहिलो. तो इथे टाकून गेलास, तर तिकडे पोचणारा कोण असेल?"

तो म्हणाला, रब्बीही असंच बोलतात. ती म्हणाली, रब्बी जिथे बरोबर आहेत तिथे बरोबर आहेत. मग दार उघडून त्याला बाहेर केलं. सभा आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी भरवा, पण शब्बाथला या उंबऱ्याच्या आत जो धूर काढेल त्याचा मी धूर काढीन, असं रस्त्यातून जाणाऱ्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. निम्मी पोरं अनशेलबरोबर त्याच्या बापाच्या लाकडाच्या वखारीत गेली. निम्मी तिच्याकडेच राहिली. आता तिला दोन्हीकडून बोलणी बसू लागली. कारभाऱ्यांच्या लेखी ती सियोनवाली आणि वखारीतल्या पोरांच्या लेखी रब्बीवाली. तिला त्याचं काही वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण पाव एकदाही करपला नाही.

काही वर्षांनी किशिनेव शहरात आपल्या लोकांवर पुन्हा दंगल झाली. ती बातमी आली त्या दिवशी तिने भट्टी पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याला बोलावून भट्टी त्याच्या हवाली केली आणि रब्बींकडे निघाली. मला म्हणाली, चल.

रब्बी येखिएल आता थकले होते. तिने सांगितलं, मी पवित्र भूमीत, जाफ्फाला चालले, प्रवासाचा आशीर्वाद द्या. त्यांचा चेहरा खुलला. म्हातारी भाविक माणसं आयुष्याच्या शेवटी पवित्र भूमीत मरायला जातात, ही तर जुनीच रीत, त्यात कुणाची हरकत नसते. ते म्हणाले, मरायला जातेस, फार चांगलं करतेस.

"मरायला नाही," ती म्हणाली. "भट्टी लावायला चाललेय."

रब्बींनी डोळे मिटले. मला वाटलं आता हाकलतील. ते म्हणाले, "त्या कामाला माझा आशीर्वाद नाही." आणि मग उभे राहून, भिंतीचा आधार घेऊन, त्यांनी वाटेच्या प्रवाशासाठी म्हणतात ती सबंध प्रार्थना तिच्यासाठी म्हटली, एक शब्द न गाळता. ती "आमेन" म्हणाली. दोघांपैकी कुणीही माघार घेतली नव्हती.

अनशेल तिच्या आधीच तिकडे गेला होता. तो तिसऱ्या वर्षी हिवतापाने पिवळा पडून परत आला आणि बापाच्या वखारीत बसायला लागला. तिची खबर त्याच्याकडूनच कळली. जाफ्फात तिची भट्टी आहे. तिथले आधीपासून राहणारे आपले धर्मनिष्ठ लोक तिचा पाव घेत नाहीत, कारण ती नव्या आलेल्यांतली. नवे कामकरी तिच्याशी भांडतात, कारण ती शनिवारी भट्टी बंद ठेवते. गहू ती एका अरब व्यापाऱ्याकडून घेते. त्याच्याशी भाव करताना अर्धं अरबीत, अर्धं आपल्या यिडिशमध्ये ओरडते, आणि दोघंही खूश असतात.

मी अनशेलला विचारलं, तिकडे कसं आहे रे? तो म्हणाला, "तिथे माणसं राहतात, टेमा. त्यांचीही घरं आहेत, बागा आहेत. आम्ही भट्टीशी बसून एवढं बोललो, पण हे कुणी बोललं नाही." आणि पुढे म्हणाला, "चेर्नामावशीने मात्र पहिल्याच दिवशी शेजारच्या अरब बाईला विचारलं, सरपण कुठे मिळतं."

तिने कधी परत यायचं म्हटलं का, असं मी विचारलं. तो हसला. म्हणाला, मी निघताना तिला सोबत चल म्हटलं होतं. तिने गरम पाव फडक्यात बांधून माझ्या हातात दिला आणि सांगितलं, बोट सुटेल, पळ.