मामांची न फाटलेली पुस्तकं

मामांसोबत कबरीत ठेवायला एकच पुस्तक निघालं.

बाकी सगळी नवी होती.

आज महिना झाला. तेव्हा लिहायला जमलं नाही.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू. देवाचं नाव असलेलं पुस्तक आमच्यात जाळत नाहीत, रद्दीत घालत नाहीत. वाचून वाचून फाटलं की माणसासारखं पुरतात. शिकवणारा माणूस गेला तर त्याच्याच कबरीत.

हनोखमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. मुंबईतल्या एका ज्यू शाळेत त्यांनी आयुष्यभर तोरा शिकवला. तोरा हा आमचा धर्मग्रंथ. मामांनी लग्न केलं नाही.

माझे वडील बिलोलीजवळच्या एका गावात गुरांच्या दवाखान्यात नोकरीला. मी तिथल्याच झेडपी शाळेत शिकलो. गावात आमचं एकच ज्यू घर. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा यायचे आणि लिंबाखाली बसवून मला हिब्रू अक्षरं शिकवायचे. आधी हापशावर हात धुवायचे, मगच पुस्तक. पानाचा कोपरा दुमडला की कान पिरगाळायचे.

त्यांच्या शाळेच्या गोष्टी ऐकत मी मोठा झालो. शुक्रवारी शाळा लवकर सुटते, कारण सूर्य मावळायच्या आत घरोघरी शब्बाथचे, म्हणजे आमच्या शनिवारच्या पवित्र दिवसाचे, दिवे लागायला हवेत. वर्षभराचं वाचन संपलं की पोरं ग्रंथ घेऊन नाचतात, आणि त्याच दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतात.

मला वाटायचं, आपल्यासारख्यांचा एक आख्खा वर्ग आहे कुठंतरी.

तो वर्ग रिकामा होत गेला.

एकेक घर इस्रायलला गेलं. शाळा चालू राहिली, इतर समाजांच्या पोरांनी गजबजलेली. तोराच्या तासाला मात्र शेवटी दोन सख्खे भाऊ उरले. मग तेही गेले.

आणि त्यानंतर परदेशातून खोकी आली. तोराची नवीकोरी पुस्तकं, सोनेरी कडांची. वर्ग भरलेला असताना मामांनीच मागवली होती.

शाळेला कपाट रिकामं हवं होतं. मामा रिटायर झाले तेव्हा ती सगळी पुस्तकं पत्र्याच्या पेटीत घालून आमच्याकडे नांदेडला आले.

शेजारचे मन्मथअप्पा पेटी उतरवू लागले. अप्पा लिंगायत, शेतकरी, मामांच्याच वयाचे.

"मामा, लई जड हाय. सोनं हाय का ह्यात?"

"आहे ना. नुसतं कडेला."

त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

मामा दर शनिवारी वाचायचे. दर वेळी पेटीतलं वेगळं पुस्तक. का म्हणून विचारलं तर म्हणाले, सगळी सारखी झिजू देत.

मुद्दाम फाडायचं नसतं. वाचून फाटावं लागतं. आणि वाचणारे घरात आम्ही दोघंच, तेही म्हातारपणाकडे निघालेले.

मग माझी मुलगी एस्तर शिकायला बसू लागली. नववीत होती. एकदा जेवता जेवताच तिने पुस्तक ओढलं. मी ओरडलो, आधी हात धू. मामांनी मला हातानेच थांबवलं.

"असू दे. डाग पडू दे. कुणीतरी वाचत होतं, एवढं तरी दिसेल."

माझा कान पिरगाळणारा माणूस हे म्हणाला.

त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर शेंगदाण्याच्या चटणीचं तेल अजून आहे.

दहावीनंतर एस्तर लातूरला गेली. नीटचे क्लास, होस्टेल. इथल्या आईबापांना सांगायला नको. मामांनी फोनवर विचारलं, शनिवारी येशील ना. ती म्हणाली, मामाआजोबा, शनिवारीच टेस्ट असते.

"दर शनिवारी?"

"हो, दर."

"बरं. नीट लिही पेपर."

फोन ठेवून ते पेटीकडे बघत बसले. पुढच्या शनिवारी वाचलं, पण आवाज न करता. नंतर तसंच वाचत राहिले.

मुंबईच्या आमच्या कबरस्तानाचा विषय निघाला तेव्हा मामा म्हणाले, तिथंही ओळखीचं कोण उरलंय. अप्पा बसलेले होते. म्हणाले, "आमच्यात बी पुरतेतच. आमच्या शेतात या."

"येतो. पण तुमच्यासारखं बसवून नका पुरू, अप्पा. वर्गात उभं राहून आयुष्य गेलंय. मला आडवं व्हायचंय."

अप्पा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

मामा गेले आणि अप्पांनी शब्द पाळला. बांधाजवळची जागा दिली. आमची कद्दीश प्रार्थना म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात. मी एकटा होतो. अप्पांच्या घरची माणसं डोक्यावर रुमाल टाकून गप्प उभी राहिली.

मामांचं जुनं पुस्तक, ज्यातून मी शिकलो होतो, कधीच सुटं झालेलं. ते मी त्यांच्या उशाशी ठेवलं.

माती लोटायच्या आधी अप्पा माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "ती पेटीतली बी द्या की संगं. तुमच्यामागं कोण वाचनार हाय?"

मी म्हणालो, "ती फाटलेली नाहीत अप्पा. वाचण्याजोगं पुस्तक पुरता येत नाही."

"जितं हाय म्हना."

"हो."

"मंग ठिवायची तशीच?"

मी पहिली मूठभर माती लोटली.

आज शनिवार. सकाळी पेटीतलं एक पुस्तक उघडलं. सोनेरी कडेची पानं एकमेकांना चिकटलेली आहेत, सोडवताना बारीक आवाज होतो. या आठवड्याच्या वाचनाचा अर्धा भाग वाचला. डोळे दुखले, मिटून ठेवलं. पुस्तकाला काहीच झालं नाही.

एस्तरची आज टेस्ट आहे.

मामा, तुम्हाला आडवंच ठेवलंय. शांत झोपा.

पुस्तकं माझ्याकडे आहेत.

नवीच आहेत.