हॉटेलासमोरचा झेंडीवाला

नांदेडहून अर्धापूरकडं जाताना डाव्या हाताला शिवशंकरचं हॉटेल लागतं. तिथं व्यंकटी तीन वर्षं हिरवी झेंडी घेऊन उभा होता. लांबून गाडी दिसली की शिट्टी मारायची, झेंडी हलवायची, आत या म्हणून हात करायचा, एवढंच काम. दहातली एखादी गाडी वळायची. बाकीच्या गाड्यांतली माणसं त्याच्याकडं बघायचीसुद्धा नाहीत.

वय साठीला आलेलं. त्याआधी अर्धा जन्म त्यानं केळीचे घड वाहिले, बागेतून ट्रकपर्यंत, खांद्यावर. मणका झिजला तेव्हा डॉक्टरनं ओझं बंद करायला सांगितलं. मुखेडकडच्या गावात जमीन नव्हती, म्हणून तर तो आणि त्याची बायको कोंडाबाई अर्धापुरात येऊन राहिले होते. त्यामुळं शिवशंकर जेव्हा म्हणाला, "मामा, नुसतं उभं राहायचं हाय, त्यात काय कष्ट?" तेव्हा व्यंकटीनं लगेच होकार दिला. महिनाभरात त्याला कळलं, ओझं उतरवलं की हमालाला निदान टेकता येतं. इथं मालकानं खुर्ची ठेवू दिली नव्हती. बसलेल्या माणसाची झेंडी दिसत नाही म्हणे.

सकाळी आल्या आल्या तो रस्त्याच्या कडेनं बारा लाल-पिवळे झेंडे रोवायचा. बॅनरची सुटलेली तार आवळायचा. नवीन बॅनर आलं की त्याला ब्लेडनं अर्धगोल चिरा द्यायचा, म्हणजे वारा आरपार जातो आणि बांबू उपटत नाही. हे कुणी शिकवलं नव्हतं. दोन बॅनर उडून हळदीच्या रानात पडल्यावर त्याचं त्यालाच सुचलं होतं.

यंदा थोडं पुढं दुसरं हॉटेल झालं. त्यांचे झेंडे जास्त उंच होते. शिवशंकरला चैन पडेना. त्यानं नांदेडहून भिंतीएवढं बॅनर छापून आणलं. वर थाळीचा फोटो, भाकरी बैलगाडीच्या चाकाएवढी. रस्ता हॉटेलापाशी जरासा वळतो, तिथंच अगदी डांबराला लावून ते बांधायला सांगितलं.

व्यंकटीनं बांधलं, मग पलीकडं उभं राहून पाहिलं.

"मालक, नांदेडकडून येणारं कायीच दिसत न्हाई हितून."

"येणाऱ्याला आपलं हॉटेल दिसलं पायजे मामा. तुम्हाला दिसून काय करायचंय?"

व्यंकटीनं उरलेली तार आवळली. त्या दिवसांत झेंडी हलवून हलवून त्याचा उजवा खांदा रात्रंदिवस ठणकत होता, आणि वाद घालायला लागतो तेवढा जोर त्याच्यात उरला नव्हता.

आठ-दहा दिवसांनी, भर दुपारी, अर्धापूरकडून एक जीप आली. व्यंकटीनं शिट्टी मारली, झेंडी हलवली. जीप रस्ता ओलांडून आत वळायला लागली, आणि त्याच वेळी बॅनरमागून मोटारसायकल आली. चालवणारा लांब फेकला गेला. मागं बसलेली बाई जीपखाली आली. जीपवाल्यांनीच दोघांना उचललं आणि नांदेडला नेलं.

रस्त्यावर बाईची एक चप्पल पडली होती. व्यंकटी तिच्याकडं बघत उभा होता. झेंडी अजून हातातच होती.

"मामा, पोलीस यायच्या आत ते बॅनर सोडा," शिवशंकर म्हणाला. "आणि तुम्ही आत पाणी प्यायला गेले होते. कळलं का?"

व्यंकटीनं तारा सोडल्या. बॅनर गुंडाळून भटारखान्यामागं नेऊन ठेवलं. पोलिसानं विचारलं तेव्हा म्हणाला, "म्या पाह्यलं न्हाई."

घरी कोंडाबाईनं ताट वाढलं. त्यानं हात लावला नाही. तिनं खोदून विचारल्यावर सगळं सांगितलं.

"बाई जित्ती हाय नव्हं?"

"हाय. पाय मोडलाय म्हणं."

तिनं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "जाऊन बघून तर या."

दुसऱ्या दिवशी तो नांदेडला गेला. दवाखान्यात चौकशी केल्यावर बाईचं नाव गौरम्मा असल्याचं कळलं. दवाखान्याच्या जिन्यात कपाळाला पट्टी बांधलेला एक माणूस बसला होता. देगलूरकडचा, चंद्रप्पा नाव. समोर त्याची मेव्हणी शिवम्मा उभी होती, आणि तिचा आवाज सगळ्या जिन्यात घुमत होता. "माझ्या बहिणीला मागं बसवून गाडी उडवतो! डोळे काय घरी ठेवले होते?" चंद्रप्पा खाली मान घालून ऐकत होता. ती वर गेल्यावर व्यंकटी त्याच्याशेजारी, एक पायरी खाली बसला.

"गौरम्मा तुमची मालकीण नं?"

"हाव. माझीच नजर चुकली बघा. जीप दिसलीच न्हाई."

"दिसली नसतीच," व्यंकटी म्हणाला. "बॅनर होतं मधी. म्याच बांधलं होतं. अन् जीपला झेंडी म्याच दाखविली."

चंद्रप्पा त्याच्याकडं वळला.

"काल पोलिसाला का न्हाई सांगितलं?"

"भ्यालो."

चंद्रप्पानं शिवी दिली नाही, मारलं नाही. भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून घेतले. तेच व्यंकटीला जड गेलं. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "चला मंग." दोघं ठाण्यात गेले. व्यंकटीनं बॅनर कुठं होतं, कुणी काढायला लावलं, कुणी काढलं, सगळं सांगितलं. स्वतःला वगळलं नाही. लिहिणाऱ्या हवालदारानं दोनदा विचारलं, "नक्की का?" दोन्ही वेळा तो हाव म्हणाला.

शिवशंकरला दुपारपर्यंत कळलं. "खाल्ल्या मिठाला जागले नाहीत मामा," एवढंच तो फोनवर बोलला. उद्यापासून येऊ नका, हे सांगायची गरज नव्हती.

आता व्यंकटी केळीच्या रोपवाटिकेत बसून पिशव्यांत माती भरतो. काम बसून असलं तरी खांदा पूर्वीसारखा वर जात नाही. सदरा घालताना कोंडाबाईला बाही धरावी लागते. हॉटेलावरचं बॅनर रस्त्यापासून आत सरकलंय, झेंडे आहेत तसेच आहेत.

परवा चंद्रप्पाचा फोन आला. गौरम्माचं प्लास्टर निघालं होतं, पण पाय थोडा आखूड झाला होता. हे सगळं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "कोर्टाची तारीख लागली तर येताल का?"

"येतो."

"मालक कायी म्हणला तरी?"

"आता कोण मालक?" व्यंकटी म्हणाला. "सांगा कधी यायचं ते."

फोन ठेवून त्यानं हात धुतले आणि रोपांवरच्या जाळीच्या सावलीत आडवा झाला. मुकादमानं हाक मारेपर्यंत त्याला गाढ झोप लागली होती.