स्वच्छ कडांची भेग

डॉ. सुलभा विशे यांना मी प्रथम पाहिले ते पाठमोऱ्या. वाशिंदजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत मी मुलाखतीला आलो होतो आणि मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या होत्या. पदवीचा अभ्यास अर्धवट का सोडला, असे विचारतील म्हणून मी खर्डीहून येताना उत्तर पाठ केले होते. मॅडमनी ते विचारलेच नाही. स्वतःची खुर्ची मला दिली आणि म्हणाल्या, "काय आहे ते नको, काय दिसतंय ते सांगा."

"गुलाबी पट्टे आहेत. मध्ये निळसर डाग, थोडा मोठा."

"थोडा म्हणजे?"

मला सांगता येईना. तसे मी म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "येत नाही म्हणालात, बरं झालं. सोमवारपासून या."

त्यांच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात जाणकारांचे लेख असतील. मी काप काढणारा तंत्रज्ञ. तेवढ्याच खिडकीतून जे दिसले ते लिहितो.

मॅडमच्या कामाचा विषय सगळ्यांना ठाऊक असेलच असे नाही. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. तिच्यात मऊ गर आणि भोवती कड्यांसारखे चिवट वेढे. ती झिजते तेव्हा गर सुकतो, वेढ्यांना भेगा पडतात. औषधाने झीज थांबते का, हे उंदरांवर आणि सशांवर तपासतात. त्यांच्या गादीचे पातळ काप काढून, रंगवून, काचेवर ठेवून झिजेची श्रेणी ठरवतात. अडचण अशी, की एका प्रयोगशाळेत सौम्य ठरलेली झीज दुसरीकडे तीव्र ठरते. मग निष्कर्ष जुळत नाहीत आणि तोच प्रयोग नव्या जनावरांवर पुन्हा होतो. मॅडम म्हणतात, "ससा एकदाच मरतो. त्याची स्लाइड नीट वाचली नाही, तर दुसऱ्या सशाचा जीव आपल्या डोक्यावर." सगळीकडे एकच मोजपट्टी असावी, प्रत्येक श्रेणीला ठरलेले वर्णन आणि नमुन्याचे चित्र असावे, यासाठी त्यांनी उमेदीची वर्षे घातली.

त्या मूळच्या धसईच्या. त्यांचे वडील बाजारात भात घेताना पोत्याच्या तोंडचा मूठभर दाणा कधी पाहत नसत; पोकळ सळई खुपसून मधला आणि तळाचा काढत. मॅडमही एका कापावर श्रेणी देऊ देत नाहीत. "तोंडचा दाणा दाखवू नका," असे म्हणाल्या की मी गादी बसवलेला मेणाचा ठोकळा मुकाट्याने पुन्हा काप काढायच्या यंत्राला लावतो.

स्लाइड वाचण्याची आमची रीत त्यांनीच घातली. नावांवर कागदी पट्टी चिकटवायची, स्लाइड पिसायच्या आणि प्रत्येकाने एकट्याने वाचायच्या. वाचताना जिभेने 'च्' करायलाही बंदी, कारण शेजारच्याच्या कानावर गेले की त्याची श्रेणी वाढते. आमचे डॉ. नितीन एकदा नुसते उसासले, तर मॅडमनी ती स्लाइड बाद केली. "मॅडम, श्वास तरी घेऊ ना?" "घ्या. नाकानं."

अशा शिस्तीने नमुना-चित्रांचा संच तयार झाला. दुसऱ्या प्रयोगशाळांनीही तो वापरून पाहिला आणि सगळ्यांच्या श्रेणी जुळल्या. संच छपाईला जायचा होता. नितीन सरांनी गरम भजी मागवली. मॅडमनी एक हातात घेतले आणि तसेच धरून त्या पडद्यावरच्या एका चित्राकडे पाहत राहिल्या. तीव्र झिजेचे ते चित्र त्यांच्या आवडीचे होते. त्यावर त्यांनी वर्षानुवर्षे विद्यार्थी घडवले, आपल्या निबंधातही ते छापले.

"या भेगेच्या कडा बघा," त्या म्हणाल्या. "इतक्या स्वच्छ? जिवंतपणी पडलेली भेग असती तर कडा विसविशीत झाल्या असत्या. भेग सांधायला शेजारी पेशींनी घोळका केला असता. इथे कुणी फिरकलेलंच नाही."

जुना मेणाचा ठोकळा शोधून काढला. मी पुढचे काप घेतले, मग आणखी खोलवरचे. भेग कुठेच नव्हती. ती झिजेची नव्हतीच, काप घेताना पात्याने पडली होती. आम्ही सर्वांनी ती एकमताने तीव्र ठरवली होती, कारण आम्हाला शिकवणारे चित्रच तसे होते.

नितीन सर हळूच म्हणाले, "मॅडम, चित्र बदलून टाकू. जुन्या एखाद्या तंत्रज्ञाने कापलं असेल. कुणाला कळणार आहे?"

मॅडम सहसा प्रमाण मराठी बोलतात. त्या दिवशी धसई बोलली. "सगले मिलून चुकलो म्हनून ते बरोबर होत नाय रे. आनि तंत्रज्ञ कसला? तवा कापाया मीच होते. माजाच हात हाय हा."

त्यांनी छपाई थांबवली. ज्यांच्याकडे संच गेला होता त्या सर्वांना कळवले, स्वतःच्या निबंधाची दुरुस्ती पाठवली आणि तीव्र झिजेच्या सगळ्या स्लाइड पुन्हा वाचायला घेतल्या. काम लांबले, बोलणारे बोलले. मॅडम नाकाने श्वास घेत वाचत राहिल्या.

त्यांच्या मायेबद्दल एकच सांगतो. माझ्या आईची कंबर फार दुखे. मॅडम घरी आल्या तेव्हा आईने विचारले, "बाय, तुमी गाद्यांला नंबर देता ना? माजी कितव्या नंबरची?"

"आई, ते बघायचं तर तुम्हाला कापावं लागेल."

"नको गो बाय! दुकतंय तं दुकू दे."

मॅडम खळखळून हसल्या. पण "मी जनावरांची डॉक्टर" म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः आईला शहापूरला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या आणि तपासणी होईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिल्या.

संच आता छापून सर्वत्र गेला आहे. मॅडमनी ते चित्र काढून टाकले नाही. पहिल्याच पानावर घेतले. खाली ओळ आहे : 'ही झीज नव्हे. कापताना पडलेली भेग. कापणारी : सुलभा विशे.' आमच्याकडे नवा माणूस आला की त्याला आधी हे पान देतात. तो ओळ वाचतो, मान वर करून विचारतो, "म्हणजे ह्याच मॅडम?" आणि मग पुन्हा चित्राकडे पाहतो, पहिल्यापेक्षा बराच वेळ.

मॅडमना उदंड आयुष्य लाभो, नजर अशीच तीक्ष्ण राहो. हा लेख लिहितो आहे म्हटल्यावर आईनेही निरोप दिला आहे, तो तिच्याच शब्दांत देतो : "बायला सांग, तुजी पाठ ताठ राहू दे. नि तुज्या गादीचा नंबर कोनालाच कलू नये."